अलौकिक दावे, साक्ष आणि आपसातले मतभेद : एक अभ्यासटिपण

सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या राजाची एक गोष्ट इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी आपल्या १६९० सालच्या ग्रंथात सांगितली आहे. एक डच राजदूत राजाला आपल्या देशाची माहिती देत असे. एकदा तो म्हणाला, आमच्याकडे थंडीत पाणी इतके घट्ट होते की त्यावरून माणसे चालतात, तुमचा हत्तीसुद्धा त्यावर उभा राहील. तोवर राजाने राजदूताच्या बऱ्याच नवलाच्या गोष्टी खऱ्या मानल्या होत्या, कारण माणूस सरळ वाटत होता. हे ऐकल्यावर मात्र त्याने ठरवून टाकले की हा खोटे बोलतो.

राजाचे चुकले कुठे? गोठलेले पाणी त्याने कधी पाहिले नव्हते. त्याला शंका येणे साहजिक होते आणि शंकेपर्यंत तो बरोबरच होता. पण ‘मला हे पटत नाही’ इथून ‘तू खोटारडा आहेस’ इथपर्यंत त्याने एकदम उडी मारली. ती उडी चुकली.

अशा उड्या आपल्याकडेही मारल्या जातात. विहारात कोणी ध्यानातला विलक्षण अनुभव सांगतो, कोणी अमुक भन्तेजींनी न सांगता मनातले ओळखले असे सांगतो, कोणी पूर्वजन्म आठवणाऱ्या मुलाची हकिगत ऐकवतो. समोरचा म्हणतो, ‘तुम्ही बावीस प्रतिज्ञा विसरलात, अंधश्रद्धाळू झालात.’ पहिला म्हणतो, ‘तुम्हाला धम्म कळलाच नाही, नुसता बुद्धिवाद कळला.’ वाद सुरू झाला होता एका घटनेवरून, आणि थांबतो तो माणसांच्या लायकीवर. आम्ही समाजकार्याच्या निमित्ताने वस्त्यांत आणि युवक मंडळांत वावरतो, तेव्हा अशा वादातून दुरावलेले चांगले कार्यकर्ते भेटतात. दोघेही चळवळीला हवे असतात.

म्हणून या टिपणात एकच प्रश्न घेतला आहे. एखाद्याच्या सांगण्यावरून अलौकिक गोष्ट खरी मानावी का, आणि याबाबत आपले पटले नाही तर एकमेकांचा मान राखून भांडावे कसे? पाली सुत्ते, आपल्याकडची प्रमाणचर्चा आणि युरोपात अठराव्या शतकात झालेला एक गाजलेला वाद यांत याचे बरेच उत्तर मिळते.

आधी शब्द स्पष्ट करू

साक्ष म्हणजे दुसऱ्याने सांगितलेले. आपले बहुतेक ज्ञान साक्षीवरच उभे असते. आपली जन्मतारीख आपल्याला कोणीतरी सांगितलेली असते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर काय घडले, हे आज जगणाऱ्या बहुतेकांना आजी-आजोबांकडून, छायाचित्रांतून आणि लेखी नोंदींतूनच ठाऊक आहे. तेव्हा ‘मी फक्त डोळ्यांनी पाहिलेलेच मानतो’ असे म्हणणाऱ्याने स्वतःचे आयुष्य जरा तपासून पाहावे. तसे कोणी जगत नाही, जगूही शकत नाही.

अलौकिक दावा म्हणजे निसर्ग जसा चालतो असा सर्वांचा अनुभव आहे, त्याच्या उलट जाणारा दावा. मूर्ती दूध प्याली, मंत्राने विष उतरले, माणूस हवेत उडाला, हे असे दावे. केवळ दुर्मीळ किंवा अप्रिय असणारी गोष्ट अलौकिक होत नाही. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

सुत्तांमध्ये काय सापडते

कालामांना दिलेला उपदेश आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. ऐकीव आहे, परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरूने सांगितले आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, हा त्याचा गाभा. मात्र साक्षीच्या प्रश्नावर आणखी तीन ठिकाणे नेमका प्रकाश टाकतात आणि ती आपल्या अभ्यासवर्गांत क्वचितच वाचली जातात.

पहिले दीघनिकायातले केवट्ट सुत्त. नालंदा येथे केवट्ट नावाचा गृहस्थ भगवंतांना विनवतो की एखाद्या भिक्खूला चमत्कार करून दाखवायला सांगा, म्हणजे नगरातल्या लोकांची श्रद्धा वाढेल. भगवंत नकार देतात आणि कारण सांगतात. समजा, एका श्रद्धावान माणसाने भिक्खूचा चमत्कार पाहिला आणि तो श्रद्धा नसलेल्या माणसाला सांगितला. तो दुसरा म्हणेल, त्यात काय, गांधारी नावाची विद्या असते, तिच्या जोरावर हे करता येते. तो असे म्हणेल की नाही? केवट्ट कबूल करतो, म्हणेल. चमत्काराच्या साक्षीची मर्यादा इथे उघड होते. पाहणाऱ्याला जे पुरेसे वाटते, ते ऐकणाऱ्यासाठी पुरेसे नसते, कारण त्याच दृश्याचा दुसरा अर्थ शिल्लक राहतो. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. शंका घेणाऱ्याला इथे मूर्ख किंवा पापी ठरवलेले नाही. त्याची शंका गृहीत धरूनच बुद्धांनी चमत्काराचा मार्ग बाजूला ठेवला आणि उपदेशाने माणूस बदलणे, म्हणजे अनुसासनी, हे श्रेष्ठ मानले.

दुसरे ठिकाण महापरिनिब्बाण सुत्तातले चार महापदेस. भोगनगर येथे भगवंत भिक्खूंना सांगतात की कोणी येऊन ‘हे मी प्रत्यक्ष भगवंतांच्या तोंडून ऐकले’ असे म्हणाला, तर त्याचे लगेच स्वागत करू नका आणि त्याला झिडकारूही नका. त्याचे शब्द नीट ध्यानात घ्या आणि सुत्त व विनयाशी ताडून पाहा. जुळले तर स्वीकारा, जुळले नाही तर याने चुकीचे ग्रहण केले आहे असे समजून सोडा. इथे सांगणाऱ्यावर खोटेपणाचा आरोप नाही. त्याने चुकीचे ग्रहण केले, एवढाच निष्कर्ष आहे. सयामच्या राजाला हीच वाट सापडली नव्हती.

तिसरे मज्झिमनिकायातले चंकी सुत्त. कापटिक नावाचा सोळा वर्षांचा ब्राह्मण तरुण भगवंतांना विचारतो की आमच्या परंपरेने आलेले मंत्र हेच सत्य, बाकी सारे खोटे, असे ब्राह्मण म्हणतात, यावर तुमचे काय म्हणणे? भगवंत उलट विचारतात की ‘हे मी जाणतो, हे मी पाहतो’ असे म्हणणारा एकतरी ब्राह्मण आहे का? त्यांचे गुरू, गुरूंचे गुरू, असे सात पिढ्यांपर्यंत कोणी आहे का? उत्तर नाही असे येते. मग एकमेकांना धरून चाललेल्या आंधळ्यांच्या रांगेची उपमा येते. साक्षीची साखळी कितीही लांब असली तरी पहिल्या कडीला कोणी पाहिलेलेच नसेल, तर लांबीने बळ येत नाही.

याच सुत्तात ‘सच्चानुरक्खणा’, म्हणजे सत्याचे जतन, हा विचार येतो. माणसाची एखाद्या गोष्टीवर श्रद्धा असेल, तर त्याने ‘माझी अशी श्रद्धा आहे’ एवढेच म्हणावे. ऐकलेले असेल तर ‘मी असे ऐकले आहे’ म्हणावे. त्यापुढे जाऊन ‘हेच खरे, बाकी खोटे’ असे म्हणू नये. कारण चांगले ऐकलेलेही पोकळ निघू शकते आणि न ऐकलेलेही खरे निघू शकते. सभ्य मतभेदाची पहिली अट यात आहे. आपण काय जाणतो आणि काय नुसते मानतो, हे बोलताना वेगळे ठेवायचे.

विनयाचाही इथे उल्लेख हवा. आपल्याला नसलेली अलौकिक प्राप्ती झाल्याचा खोटा दावा जाणूनबुजून करणे, हा भिक्खूसाठी चौथा पाराजिक अपराध आहे. त्याने भिक्खुत्व संपते. खरी प्राप्तीसुद्धा उपसंपदा न घेतलेल्यांना सांगत फिरणे हा पाचित्तिय दोष मानला आहे. अलौकिक दाव्याच्या बळावर समाजाकडून मान आणि दान मिळवण्याचा धोका संघाने फार लवकर ओळखला होता.

शब्द हे प्रमाण आहे का?

पुढे हीच चर्चा भारतीय तर्कशास्त्रात गेली. न्याय दर्शनाने ज्ञानाची चार साधने मानली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचे, भरवशाच्या माणसाचे सांगणे. बौद्ध आचार्य दिङ्नाग यांनी ‘प्रमाणसमुच्चय’ या ग्रंथात दोनच प्रमाणे ठेवली, प्रत्यक्ष आणि अनुमान. त्यांच्या मते दुसऱ्याचे बोलणे ऐकून आपण जे जाणतो, तो अनुमानाचाच प्रकार आहे. हा माणूस भरवशाचा दिसतो, त्याला हे ठाऊक असण्याची शक्यता आहे, म्हणून हे खरे असावे, असा तर्क आपण मनात करत असतो. धर्मकीर्तींनी हीच वाट पुढे नेली.

या मतभेदाचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे. साक्ष हे अनुमान असेल, तर ती कमीजास्त बळकट असू शकते आणि तिची कारणे विचारता येतात. ‘त्यांनी सांगितले ना, मग झाले’ एवढ्यावर गोष्ट संपत नाही.

दुसऱ्या बाजूचीही दाद द्यायला हवी. न्यायसूत्रांवरचे भाष्यकार वात्स्यायन म्हणतात की आप्ताचे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू होते. ज्याला विषय ठाऊक आहे आणि जो तो जसाच्या तसा सांगू इच्छितो, तो आप्त. आप्तपण जन्मावर ठरत नाही. ज्यांच्याशी बौद्ध आचार्यांनी शतकानुशतके वाद घातला, त्या परंपरेतला हा विचार आपण मोकळ्या मनाने घ्यावा.

ह्यूम, कॅम्पबेल आणि प्राइस

युरोपात हा वाद सर्वांत गाजला तो स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांच्यामुळे. १७४८ साली त्यांनी चमत्कारांवरचे प्रकरण प्रसिद्ध केले. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा. शहाणा माणूस पुराव्याच्या प्रमाणात विश्वास ठेवतो. चमत्काराच्या विरोधात निसर्गनियमांचा अखंड अनुभव उभा असतो. म्हणून चमत्काराची साक्ष तेव्हाच मानावी, जेव्हा ती साक्ष खोटी असणे हे त्या चमत्काराहूनही अशक्य असेल.

याला दोन धर्मोपदेशकांनी उत्तर दिले. जॉर्ज कॅम्पबेल यांनी १७६२ साली नावेचे उदाहरण मांडले. एक नाव हजारो वेळा नदी सुखरूप ओलांडून आली आहे. एक अनोळखी माणूस येऊन सांगतो की ती आत्ताच बुडाली, मी काठावरून पाहिले. इतक्या वेळांचा उलट अनुभव असूनही आपण त्याचे ऐकतोच. रिचर्ड प्राइस यांनी १७६७ साली सोडतीचे उदाहरण दिले. लाखो तिकिटांतून एका ठरावीक क्रमांकाला बक्षीस लागणे जवळजवळ अशक्य असते, तरी वर्तमानपत्रात तो क्रमांक छापून आला की आपण मानतो. म्हणजे घटना विरळ आहे, एवढ्यावरून साक्ष निकामी होत नाही.

हे प्राइस गणिताचेही जाणकार होते. थॉमस बेझ यांच्या मृत्यूनंतर त्यांचा शक्यताविषयक निबंध १७६३ साली प्राइस यांच्याच प्रयत्नाने प्रसिद्ध झाला. त्या विचाराच्या आधाराने ह्यूम आणि प्राइस दोघांचे म्हणणे एका प्रश्नात आणता येते. घटना घडलीच नसती, तरीही ही साक्ष आपल्यापर्यंत आलीच असती का? वर्तमानपत्राला नेमका हाच क्रमांक खोटा छापायचे कारण नसते, म्हणून ती साक्ष बळकट. तोच क्रमांक एखाद्याच्या हातातल्या तिकिटाचा असेल आणि तोच आपल्याला बातमी सांगत उधार मागत असेल, तर साक्ष लगेच कच्ची होते.

या वादाची रीत त्यातल्या मुद्द्यांइतकीच शिकण्यासारखी आहे. कॅम्पबेल यांनी आपल्या ग्रंथात ह्यूम यांच्याकडून शिकल्याचे मोकळेपणाने नोंदवले. ह्यूम यांनी त्यांना आदराने पत्र लिहिले. प्राइस यांचा युक्तिवाद नवा आणि विचार करायला लावणारा आहे, असेही ह्यूम यांनी त्यांना कळवले. प्राइस यांनी पुढच्या आवृत्तीत आपले काही कडक शब्द मवाळ केले. धर्मावरच्या वादात माणसे उद्ध्वस्त होण्याचा तो काळ होता. तरी एकानेही आपले मत सोडले नाही आणि एकानेही दुसऱ्याला लबाड ठरवले नाही.

प्रामाणिक साक्ष कुठे फसते

वरचा प्रश्न आता आपल्याकडच्या उदाहरणांना लावून पाहू.

२१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो अशी बातमी एका दिवसात देशभर पसरली. देवळांपुढे रांगा लागल्या. चमच्यातले दूध कमी होताना असंख्य लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, आणि त्यातले बहुतेक प्रामाणिक होते. शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवले की पृष्ठताणामुळे दूध चमच्याच्या कडेवरून ओढले जाते आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ थर होऊन खाली ओघळते. लोकांनी जे पाहिले ते खरे होते. चमचा रिकामा झालाच होता. ‘मूर्ती प्याली’ हे मात्र कोणी पाहिले नव्हते, ते लोकांनी लावलेले अनुमान होते. साक्षीत ही दोन सूते नेहमी गुंफलेली असतात. ती सोडवली की साक्षीदाराला खोटे न पाडता दाव्याची चिकित्सा करता येते.

सर्पदंशाचे उदाहरण जास्त गंभीर आहे. ‘आमच्या गावच्या मांत्रिकाने माझा जीव वाचवला’ असे सांगणारी माणसे आजही भेटतात आणि ती खोटे बोलत नाहीत. आपल्याकडचे बहुसंख्य साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी दर वेळी विष अंगात जातेच असे नाही. म्हणजे मांत्रिकाने काहीही न करता बरीच माणसे वाचणारच. वाचलेली माणसे साक्ष देतात, दगावलेली देऊ शकत नाहीत. मंत्रात काहीही बळ नसते, तरी या साक्षी आपल्यापर्यंत आल्याच असत्या. म्हणून त्या कितीही असल्या तरी त्यांतून मंत्राबद्दल काही सिद्ध होत नाही. आणि इथे पणाला जीव लागलेला असतो. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषावर प्रतिसर्पविष हाच उपाय आहे आणि त्यासाठी दवाखाना वेळेत गाठणे, हेच पहिले काम.

पूर्वजन्माच्या आठवणींचा प्रश्न आपल्या समाजात विशेष संवेदनशील आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांनी भारत, श्रीलंका, ब्राझील, लेबनॉन आणि अलास्कातली अशी प्रकरणे गोळा केली. १९६६ साली त्यांचा वीस प्रकरणांचा ग्रंथ आला. त्यांनी स्वतः तिथे जाऊन मुलांच्या, पालकांच्या आणि शेजाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या, हे त्यांच्या टीकाकारांनाही मान्य करावे लागते. शीर्षकात त्यांनी ही प्रकरणे पुनर्जन्म ‘सुचवणारी’ आहेत असे म्हटले, ‘सिद्ध करणारी’ म्हटले नाही. मद्रासचे तत्त्वज्ञ सी. टी. के. चारी यांनी आक्षेप घेतला की अशी प्रकरणे पुनर्जन्म मानणाऱ्या समाजांत जास्त सापडतात आणि तिथली संस्कृतीच त्यांना आकार देते. आपला प्रश्न इथेही लावता येतो. पुनर्जन्म नसता, पण त्यावर श्रद्धा असलेले घर, बोलके मूल आणि त्याच्या बोलण्यात ओळखीच्या खुणा शोधणारे नातेवाईक असते, तर अशा हकिगती तयार झाल्या असत्या का? आम्हाला वाटते, झाल्या असत्या. कोणाला तसे वाटत नसेल, तर त्याच्याशी चर्चा या मुद्द्यावर करावी, त्याच्या निष्ठेवर नव्हे.

कोणाची साक्ष हलकी धरली जाते

ह्यूम यांच्या निबंधात एक डाग आहे. चमत्काराच्या कथा मुख्यतः अडाणी आणि रानटी राष्ट्रांत आढळतात, असे ते लिहून जातात. म्हणजे दावा तपासता तपासता त्यांनी एका दमात अनेक समाजांच्या तोंडच्या शब्दाची किंमत कमी केली. वात्स्यायनांचा म्लेच्छ आप्त इथे आठवावा.

आपल्या समाजाला हे नवे नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात द्विजांसाठी द्विजांनी, शूद्रांसाठी शूद्रांनी, अंत्यजांसाठी अंत्यजांनी साक्ष द्यावी अशी विभागणी आहे. कोणाचा शब्द कुठे चालणार, हे जन्मावर ठरवलेले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो ग्रंथ जाळला गेला. पण कागद जळाला म्हणून सवय जळत नाही.

१९९५ सालच्या सप्टेंबरात दूध पिणाऱ्या मूर्तीवर देशाने एका दिवसात विश्वास ठेवला. त्याच वर्षी नोव्हेंबरात जयपूरच्या न्यायालयाने भंवरीदेवींवर विश्वास ठेवला नाही. राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन म्हणून काम करताना त्यांनी बालविवाहाला विरोध केला होता आणि त्यानंतर १९९२ साली आपल्यावर सामूहिक बलात्कार झाला अशी तक्रार नोंदवली होती. आरोपी बलात्काराच्या आरोपातून सुटले. वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या स्त्रीला स्पर्श करणार नाहीत, काका-पुतणे मिळून असे करणार नाहीत, अशा आशयाची कारणे त्या निकालात होती. म्हणजे या देशात नेहमी घडणाऱ्या गोष्टीला अशक्य ठरवून साक्ष फेटाळली गेली. या प्रकरणानंतर महिला संघटनांनी केलेल्या याचिकेतूनच १९९७ चा विशाखा निकाल आला.

आपला प्रश्न इथे लावा. अत्याचार झालाच नसता, तर एक गरीब बाई गावाचा बहिष्कार, बदनामी आणि वर्षानुवर्षांच्या कोर्टाच्या फेऱ्या ओढवून घेत अशी साक्ष द्यायला आली असती का? मांत्रिकाची साक्ष फुकटात येते, अनेकदा तिच्यातून कोणाला तरी कमाईही होते. अत्याचाराची साक्ष देणाऱ्याला तिची किंमत मोजावी लागते. दोन्ही एका तराजूत घालून ‘पुरावा द्या’ म्हणणे हा विवेक नव्हे.

अन्यायाचा दावा हा अलौकिक दावा नाही. तो काहींना गैरसोयीचा असतो, एवढेच. त्याची तपासणी जरूर व्हावी, पण ती साध्या घटनेची व्हावी, तशी व्हावी. आपला पुरावा कायदासुद्धा कोणतीही गोष्ट सिद्ध करायला साक्षीदारांची ठरावीक संख्या मागत नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण घातले, ते याच अनुभवातून. कार्यकर्त्यांनी ते वाचून ठेवावे.

म्हणूनच आम्ही तरुण मित्रांना आग्रहाने सांगतो की ध्यानातला अनुभव सांगणाऱ्या उपासिकेला हसून गप्प करण्याची सवय लागली, तर उद्या तीच उपासिका घरातल्या मारहाणीबद्दल बोलायला आपल्याकडे येणार नाही. तिचा दावा आपल्याला मान्य नसेल. तिचा शब्द मात्र आपण ऐकून घेतो, हे तिला दिसले पाहिजे.

मग मतभेद कसे करावेत

‘मिलिंदप्रश्न’ या ग्रंथात राजा मिलिंद नागसेनांना चर्चेला बोलावतो. नागसेन म्हणतात, पंडितांसारखी चर्चा करणार असाल तर करू, राजांसारखी करणार असाल तर नको. पंडितांच्या चर्चेत गुंता सोडवला जातो, चूक दाखवली जाते, चूक मान्य केली जाते, आणि कोणी रागावत नाही. राजे एक मत मांडतात आणि जो ते मानत नाही त्याला दंड करतात. आपल्या बैठकींत दंड म्हणजे टोमणा, बहिष्कार किंवा ‘हा आपला नाही’ असा शिक्का.

याच्या आधारे काही साधे नियम करता येतात. सांगणाऱ्याला आधी पूर्ण बोलू द्यावे. मग काय पाहिले, काय ऐकले आणि त्यावरून काय मानले, हे तिघांनाही वेगळे करून विचारावे. ‘असे घडले नाही’ म्हणण्याऐवजी ‘याचा दुसरा अर्थ असू शकतो का’ असे विचारावे. आपले मत कशाने बदलेल, हे दोघांनी आधी सांगावे. ज्याच्याकडे याचे उत्तर नसेल, त्याच्याशी वाद लांबवून उपयोग नाही. आणि आपल्याही बाजूच्या गोष्टींना हीच फूटपट्टी लावावी. आपल्या महापुरुषांबद्दलच्या चमत्कारिक हकिगती आपण न तपासता पुढे पाठवणार असू, तर दुसऱ्याच्या देवाची चिकित्सा करायचा अधिकार उरत नाही.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हीच शिस्त खुद्द बुद्धवचनाला लावली. तोंडी परंपरेत भगवंतांच्या नावावर चुकीचे सांगितले गेल्याची उदाहरणे त्यांनी अलगद्दूपम, महाकम्मविभंग अशा सुत्तांतूनच दाखवली आणि बुद्धिला पटणे व मानवाच्या कल्याणाशी संबंध असणे या कसोट्या पुढे ठेवल्या. भाणकांना त्यांनी लबाड म्हटले नाही. इतके मोठे साहित्य स्मरणात ठेवताना चुका होणारच, असे त्यांचे म्हणणे होते.

मात्र सभ्यतेलाही मर्यादा आहे. दाव्यापायी कोणाचे उपचार थांबत असतील, पैसे उकळले जात असतील, किंवा एखाद्या बाईवर करणी केल्याचा आळ येत असेल, तर तो मतभेद राहत नाही. तिथे महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षे शांतपणे, समोरच्याला अरे-तुरे न करता वाद घातला आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. अशा वेळी रुग्णाला दवाखान्यात न्यावे, पोलिसांत तक्रार द्यावी. चर्चा नंतर करता येते.

बाकीच्या वेळी कालामांच्या उपदेशाचा शेवट लक्षात ठेवावा. तो अभ्यासवर्गांत सहसा सुटून जातो. वैरमुक्त चित्ताच्या माणसाला भगवंत चार दिलासे देतात. परलोक असेल तर त्याची गती चांगली होईल, नसेल तर तो याच जन्मी वैराशिवाय सुखाने जगतो. कर्माचे फळ असेल तर त्याने वाईट चिंतलेले नाही, नसेल तरी तो शुद्धच आहे. परलोक आहे की नाही, हा वाद तिथे मिटवलेला नाही. तो न मिटताही एकत्र जगता येते आणि काम करता येते, एवढे दाखवले आहे.

तेव्हा पुढच्या अभ्यासवर्गात पुनर्जन्मावर वाद झाला, तर जरूर होऊ द्या. नोंदवहीत दोन्ही बाजूंचे म्हणणे लिहून ठेवा. आणि वाद संपल्यावर वस्तीतल्या ज्या कुटुंबाची तक्रार पोलीस ठाण्यात घेतली जात नाही, त्यांच्याकडे दोघे मिळून जा.